डाव्या बाहीचं ठिगळ

रविराजनं जाकीट माझ्या मशीनवर ठेवलं आणि म्हणाला, "आजी, ह्याची चेन गेलीय. पण नवी चकचकीत नको हं. जुनी दिसणारी पाहिजे."

चिंचवड गावठाणात मुलाच्या घराखाली, जिन्याशेजारच्या खोलीत मी अजून शिवणकाम करते. चेन बदलणं, फॉल लावणं, पँटी आखूड करणं, एवढंच. एकाहत्तर संपली तरी हाताला थरथर नाही. रविराज माझं नेहमीचं गिऱ्हाईक. चाकणला एका कंपनीत क्वालिटीचं काम बघतो, राहतो पुनावळ्यात. त्याला जुन्या लष्करी कपड्यांचा नाद आहे. विमानातल्या लोकांची आखूड जाकिटं, बर्फातल्या शिपायांचे टोपीचे लांब कोट. त्या कोटांना तो पार्का म्हणतो. काही खरे, काही खऱ्यावरून बेतलेले. त्याच्यासारखे वीस-पंचवीस जण आहेत. थंडीत रविवारी सकाळी निगडीला जमतात, आपापलं जाकीट घालून चहा पितात आणि एकमेकांची शिवण बघतात.

"आता कुणाचं उचलून आणलंस?" मी विचारलं.

"उचलून काय आजी! जुन्या बाजारात तीन रविवार फिरलो, तेव्हा मिळालं."

मी जाकीट उलगडलं. हिरवट, आखूड, कमरेला आणि मनगटाला विणलेली पट्टी. आतून भगवं अस्तर. डाव्या बाहीवर चेनचा छोटा खिसा. आणि खिशाखाली, कोपराच्या वर, तीन बोटं रुंद ठिगळ. त्याचा एक कोपरा तिरका कापलेला, खालची शिवण डावीकडे उतरलेली.

माझा अंगठा त्या शिवणीवर आपोआप फिरला. ती शिवण मीच घातली होती. तशीच साठ वेळा.

"ठिगळ बघताय ना?" रविराज खुशीत म्हणाला. "हीच तर गंमत. असली चार सापडलीत आमच्या ग्रुपमध्ये. आधी वाटलं, कुठल्या तरी तुकडीची खूण असेल. एकानं तर त्यावर मोठा लेख लिहिला होता. मग आम्हाला अर्जुनराव म्हणून एक म्हातारे भेटले. ते म्हणाले, ही पिंपरीत शिवलेली नक्कल आहे. आता ह्या रविवारी प्रदर्शनच मांडतोय. प्रत्येक जाकिटाला एक कार्ड. थांबा, वाचून दाखवतो."

आणि त्यानं मोबाइलवरून वाचलं. "सन १९८४. पिंपरी येथील एका शेडमध्ये छबूबाई नावाच्या अशिक्षित कामगार महिलेने सूचनेचा कागद चुकीचा वाचल्यामुळे साठही जाकिटांवर ठिगळ शिवले गेले. तिला कामावरून काढण्यात आले."

मी जाकिटाची घडी घातली.

"आजी? काय झालं?"

"शनिवारी ये," मी म्हटलं. "आणि ते कार्ड अजून छापू नकोस."

तो गेला. चाळीस वर्षं ती गोष्ट फक्त तोंडी होती. आता ती छापली जाणार होती, आणि एकदा छापलं की लोक ते खरं धरतात.

आम्ही भूम तालुक्यातून इकडे आलो ते माझ्या नवऱ्याला, ज्योतीरामला, फाउंड्रीत काम लागलं म्हणून. मला पिंपरी कॅम्पाच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये शिलाईचं काम मिळालं. अकरा मशीन, अकरा बाया. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, थंडीत त्यावरचं दव छिद्रातून टपकायचं. तरी त्या शेडइतकं हसणं मी पुन्हा कुठे हसले नाही. दुपारी डबे उघडले की कुणाची भाकरी कुणाच्या डब्यात जायची, त्याचा पत्ता लागत नसे.

छबू माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. ती पुनावळ्याची, तिथल्याच शेतकरी घरातली. तेव्हा पुनावळं गाव होतं, ऊस आणि ज्वारी. अकरा जणींत वाचता येणारी ती एकटी. शेठची ऑर्डर आली की कापडावर कागद टाचलेला असायचा. छबू उभी राहायची, एकेका शब्दाखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायची आणि शेवटी विचारायची, "कळलं का?" आम्ही सगळ्या एका सुरात, "कळलं!" मगच कात्री चालायची.

दाराजवळ एक फळी होती. तिच्यावर अकरा खिळे, प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला. आलं की आपला बिल्ला उलटा करायचा. नऊ वाजता कारकून येऊन फळी बघून हजेरी लिहायचा. तो कारकून म्हणजेच अर्जुनराव. आमच्यात एक रीत होती, जी शेठला ठाऊक नव्हती. कुणाला उशीर होणार असला तर जी आधी येईल तिनं तिचा बिल्ला उलटायचा. कुणाचं पोर आजारी, कुणाच्या नळाला पाणी आलेलं नाही. सगळ्याच जणींनी कधी ना कधी हे केलं होतं.

त्या दिवशी छबूची मुलगी तापानं फणफणली होती. तिचा निरोप आला आणि मी तिचा बिल्ला उलटला. दहाच्या सुमाराला अर्जुनराव ते जाकीट घेऊन आला. खरं, लष्करी, कुठल्या तरी लिलावातून आलेलं. मुंबईच्या एका दुकानदाराला मोटारसायकलवाल्या पोरांसाठी तसली साठ हवी होती. छातीवर कागद टाचलेला होता.

"छबूबाई कुठंय?" अर्जुनरावनं विचारलं.

"मागं गेलीय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फळीवर तिचा बिल्ला उलटा होता.

"कागद वाचायला पाहिजे आधी. नमुना लगेच पाहिजे शेठला."

"वाचला तिनं," मी म्हटलं. "जसंच्या तसं करायचंय."

तो गेला. तोवर मी फक्त छबूला सांभाळून घेतलं होतं. पण बारा वाजता छबू मागच्या दारानं आली, तेव्हा कागद तिच्या हातात द्यायला हवा होता. मी दिला नाही. माझं कापून झालं होतं. अर्धा नमुना शिवून झाला होता. एकदा तरी मी छबूवाचून ऑर्डर घेतली, ह्याची मला ऐट आली होती. तिनं विचारलं, "काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "काही न्हाई, साधंच हाय." आणि कागद कमरेच्या पिशवीत कोंबला.

डाव्या बाहीवरचं ठिगळ मला जाकिटाचाच भाग वाटलं. विमानातले लोक, त्यांचं काय काय असतं! कोपरा तिरका, शिवण उतरलेली, तर तेही तसंच. मी पुठ्ठ्याचा साचा केला. सरळ हाताला वाकडं शिवणं फार जड जातं. मी साठ जाकिटांवर तेच वाकडेपण हुबेहूब उतरवलं आणि मनात म्हटलं, आता बघा शालनची कारागिरी.

पंधरा दिवसांनी मुंबईहून सगळा माल परत आला. नव्या जाकिटाला ठिगळ लावून देता का, म्हणून दुकानदार शेठला वाट्टेल ते बोलला होता. शेठ शेडच्या मधोमध उभा राहिला. "कागद कुणी वाचला होता?"

"छबूबाईनं," अर्जुनराव म्हणाला.

शेठ माझ्याकडे वळला. "खरं का गं, शालन?"

छबूनं माझ्याकडे बघितलं. मग दाराजवळच्या फळीकडे बघितलं. ‘मी तेव्हा नव्हतेच’ एवढं ती म्हणाली असती तर बिल्ल्यांची रीत उघडी पडली असती आणि अकराही जणी अडकल्या असत्या. ती माझी वाट बघत होती. खरं सांगायला माझ्या एकटीचं एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "व्हय."

छबूनं आपला डबा उचलला, फळीवरचा बिल्ला सरळ केला आणि गेली. त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

शेठनं ती जाकिटं हातगाड्यांवर घालून कंपन्यांच्या गेटवर स्वस्तात विकली. तो हिवाळा मला लख्ख आठवतो. पहाटे पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायचा, पवना नदीवर धुकं बसलेलं असायचं आणि त्या धुक्यातून सायकली यायच्या. दर चार-पाच सायकलींमागे एक हिरवं जाकीट, डाव्या बाहीला ठिगळ. ज्योतीरामलाही एक मिळालं. फाउंड्रीतून तापून बाहेर पडलं की थंडी फार बोचते, तो ते गळ्यापर्यंत चेन ओढून घालायचा. कुणाचं लग्न असलं की तोच नाही, सगळेच ते उलटं करून घालायचे. आतलं भगवं अस्तर नवंकोरं दिसायचं ना! एका वरातीत मी एका रांगेत सात भगवे गडी नाचताना बघितले आणि पोट धरून हसले. मग एकदम आठवलं, की हे दाखवायला शेजारी छबू नाही.

ज्योतीरामनं ते बारा हिवाळे घातलं. नंतर त्याची उशी झाली, नंतर पायपुसणं. ज्योतीरामही गेला.

कागद मात्र मी ठेवला होता, बटणांच्या डब्यात. का ठेवला, सांगता येत नाही. माझी नात वर्षाली पहिलीत गेली तेव्हा मी छपन्न वर्षांची होते. ती पाटीवर काढायची ते मी शेजारी बसून काढायचे. ती हसायची, "आजी, तुझा ‘ळ’ पडतोय बघ." दोन वर्षांत मला जोडाक्षरंही यायला लागली. एका दुपारी घरात कुणी नसताना मी डबा उघडला आणि बोट ठेवून वाचलं: "डाव्या बाहीचे ठिगळ फाटल्यामुळे लावलेले आहे. ते नवीन मालात घेऊ नये."

दोन ओळी. छबूनं एका श्वासात वाचल्या असत्या.

तेव्हाच जायला पाहिजे होतं पुनावळ्याला. चिंचवडहून ते असं किती लांब! पण तेरा वर्षं मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले.

शुक्रवारी मी जाकिटाची चेन बदलली. शेडमधल्या मालातल्या दोन पितळी चेन माझ्याकडे राहिल्या होत्या, त्यातली एक बसवली. मग वर्षालीच्या जुन्या वहीतलं पान फाडलं आणि नवीन कार्ड लिहिलं. तीन पानं खराब झाली.

शनिवारी सकाळी रविराज आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो मशीनजवळच्या स्टुलावर बसून ऐकत होता.

"मग आता?" तो म्हणाला.

"मला तुझ्या पुनावळ्यात घेऊन चल. ती तिथंच असते."

"गाडीवर बसाल?"

"फाउंड्रीवाल्याची बायको हाय मी. बसीन."

थंडी होती. त्यानं आपला लांब पार्का माझ्या अंगावर चढवला. माझ्या लुगड्याच्या काठापर्यंत तो आला. टोपी डोक्यावर ओढून दोरी आवळली, तिची फर माझ्या चष्म्यावर येत होती. मुलानं गॅलरीतून बघून विचारलं, "आई, कुठल्या लढाईला निघालीस?" मी गाडीवर बसले. कोट इतका उबदार होता की वाऱ्याचा आवाज फक्त कानाला कळत होता. रावेतचा पूल ओलांडताना मला ज्योतीराम आठवला, चेन गळ्यापर्यंत ओढलेला.

पुनावळ्यात आता उसाचं पातंही नाही. चहूकडे मोठमोठ्या इमारती. छबूचं घर विचारत विचारत सापडलं, तीन मजली, खाली हार्डवेअरचं दुकान. ती अंगणात उन्हात बसून पावटे सोलत होती. केस पांढरे, पण पाठ अजून तशीच ताठ.

तिनं माझ्याकडे बघितलं. पार्का, टोपी, फर.

"कोण हाय? अस्वल आणलंय का काय पोरा?"

मी टोपी मागे सारली. तिचे हात थांबले. मग पुन्हा सोलायला लागली.

"शालन व्हय," ती म्हणाली. "अजून जिती हायस."

"हाय."

"बस की मंग. पाटावर बस, जमीन गार हाय."

पोराकडे बघून तिनं विचारलं, "हा तुझा नातू?"

"नाही आजी," रविराज म्हणाला. "मी जाकिटं गोळा करतो." आणि त्यानं पिशवीतून जाकीट काढून तिच्या पुढ्यात धरलं.

छबूनं ठिगळ बघितलं. मी रविराजला म्हटलं, पहिलं कार्ड वाच. तो कचरला, पण वाचलं. ‘अशिक्षित कामगार महिलेने’ इथं पोचला आणि छबूनं शेंगांची पाटी बाजूला आपटली.

"अशिक्षित? कोण अशिक्षित? चौथी पास हाय मी! त्या साऱ्या शेडला वाचून दाखवायची! कुनी सांगितलं हे?"

"अर्जुनरावांनी."

"त्याला मीच पत्ते वाचून द्यायची पार्सलवरचे! चष्मा इसरायचा घरी आन् आता मला अशिक्षित म्हनतोय!"

रविराजला हसू आवरेना. मला हसायला आलं नाही. मी कमरेच्या पिशवीतून दोन कागद काढले. एक जुना, पिवळा. एक वहीचं पान.

"हा तो कागद," मी म्हटलं. "आन् हे मी लिवलंय. उद्या निगडीला हे लावायचं. तू वाच आधी. न्हाई म्हनलीस तर लावनार न्हाई."

"तू लिवलंस?"

"म्हातारपनी शिकले."

तिनं पिवळा कागद घेतला, बोट ठेवलं, वाचला. दोन ओळी. वाचून झाल्यावर तिनं तो मांडीवर नीट सपाट केला. मग माझं पान घेतलं. मी लिहिलं होतं: "हे ठिगळ शालनबाई ज्योतीराम यांनी शिवले. कागद छबूबाईंनी वाचला नव्हता. शालनबाईंना वाचता येत नव्हते. त्यांच्याकडून चूक झाली. छबूबाईंना विनाकारण काम सोडावे लागले."

छबूनं दोनदा वाचलं.

"अक्षर बरं हाय," ती म्हणाली. "पन हे बरोबर न्हाई."

"काय बरोबर न्हाई?"

"चूक झाली म्हनं. ठिगळ लावलंस ती चूक. साळंला न्हाई गेलीस, काय करशील? त्याचं मला काई न्हाई. शेठम्होरं ‘व्हय’ म्हनलीस ती चूक न्हाई, शालन. ते खोटं हाय. खोटं लिव."

रविराज खाली बघायला लागला. मी त्याच्याकडून पेन घेतलं. गुडघ्यावर कागद ठेवून ‘चूक झाली’ खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं, ‘शेठने विचारल्यावर त्या खोटे बोलल्या.’ ‘ट’वर मात्रा द्यायला वेळ लागतो असं काही नव्हतं, तरी मला फार वेळ लागला.

छबू बघत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी माजा बिल्ला कुनी उलटला व्हता?"

"मी."

"का?"

"पोरगी तापली व्हती तुझी. दिवस बुडू नये म्हनून."

"मंग ते कुठं हाय ह्यात?"

"त्याचं काय लिवायचं?"

"का न्हाई? माजी पोरगी तापली व्हती, तू बिल्ला उलटलास, तितनं सुरू झालं सगळं. ते आदी लिव. मंग खोटं लिव. दोनी लिव." तिनं शेंगांची पाटी पुन्हा जवळ ओढली. "न्हाईतर लोकास्नी वाटंल, आपन दोगी पयल्यापास्नं वैरिनीच व्हतो."

मी नवीन पान मागितलं. तिच्या नातीच्या वहीतलं मिळालं. मी लिहीत होते, ती पावटे सोलत होती. मध्येच तिनं विचारलं, "ज्योतीरामभावजी?" मी मान हलवली. "आमचं म्हातारं बी गेलं," ती म्हणाली. मला माफ केलं, असं ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. चहा मात्र तिनं दोनदा दिला, आणि दुसऱ्यांदा आलं घालून.

निघताना रविराज जाकीट पिशवीत भरायला लागला. छबू म्हणाली, "थांब. मला न्हाई मिळालं त्या वक्ताला. साऱ्या पिंपरीनं घातलं, माज्या अंगावर न्हाई आलं." आणि नऊवारीवरून तिनं ते चढवलं. बाह्या लांब झाल्या. तिनं ठिगळ उजेडाकडे धरलं, नखानं शिवण खरवडली.

"वाकडं बरं शिवलंयस."

"लई येळ लागायचा," मी म्हटलं.

"उद्याच्याला हे मी घालून येनार," ती रविराजला म्हणाली. "तिथं टांगायला दुसरं आन."

रविवारी सकाळी निगडीच्या मैदानात ऊन कोवळं होतं. दोरीवर जाकिटं टांगलेली, खाली कार्डं. ठिगळाची तीन जाकिटं दोरीवर, चौथं छबूच्या अंगात. तरुण पोरं-पोरी पार्का घालून, हातात चहा घेऊन फिरत होती. माझ्या पानाला रविराजनं जाड पुठ्ठा लावला होता. त्यानं ते छापलं नव्हतं, माझ्याच अक्षरात ठेवलं होतं.

पाच-सहा जण पुढे आले. एक मुलगी वाकून वाचायला लागली, पण माझी अक्षरं तिला लागेनात.

"सर बाजूला, बाई," छबू म्हणाली. "मी वाचते."

ती कार्डापुढे उभी राहिली. बाही मागे सारली, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि शेडमध्ये वाचायची तशी मोठ्यानं वाचायला लागली. मुलीचा ताप वाचला. बिल्ला वाचला. ठिगळ वाचलं. ‘खोटे’ शब्द आला तेव्हा तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. बोट पुढच्या शब्दावर गेलं. मला आता सगळं वाचता येतं, तरी मी तिच्या बोटामागून एकेक शब्द ऐकत होते.

वाचून झालं. छबूनं कार्डावरचं बोट काढलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"कळलं का?" तिनं विचारलं.

"कळलं," मी म्हटलं.